अथिंगानोई : शिवू नये असा एक शब्द

ग्रीक भाषेत 'थिंगानो' म्हंजे मी शिवतो, मी हात लावतो. त्याच्या आधी 'अ' लावला की नकार होतो, अगदी संस्कृतात होतो तसाच. अ-स्पृश्य. अ-थिंगानोई. न शिवणारे, न शिवायचे.

हा शब्द मी उगाच उकरून काढलेला नाही. युरोपात रोमा नावाची एक जमात आहे. तिची वस्ती आज एक कोटी ते सव्वा कोटीच्या घरात सांगतात. तिला बाकीच्यांनी दिलेली नावं बघा. जर्मनीत त्सिगॉयनर, हंगेरीत त्सिगान्य, रुमानियात त्सिगान, इटलीत त्सिंगारो, फ्रान्समध्ये त्सिगान. ही सगळी एकाच ग्रीक शब्दाची पिल्लं आहेत, असं बहुतेक भाषापंडित मानतात. तो शब्द म्हंजे अथिंगानोई. हजार वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातून बाहेर पडलेली माणसं युरोपच्या दारात पोचली, आणि दारातच त्यांच्या कपाळावर जो शिक्का बसला त्याचा अर्थ निघतो 'अस्पृश्य'.

इथं आपल्यातला कुणीही ताडकन उठेल. मीही उठलो होतो. पण मित्रांनो, घाई नको. अथिंगानोई हा मुळात आशिया मायनरमधल्या फ्रिजिया भागातला एक ख्रिस्ती पाखंडी पंथ होता, आठव्या-नवव्या शतकातला. हे पंथवाले स्वतःला इतके शुद्ध समजत की दुसऱ्या माणसाला शिवत नसत. म्हंजे आपल्याकडच्या हिशेबानं ते अस्पृश्य नव्हेत, सोवळे! पुढे पंथ मोडला, पण त्याच्या नावाला जादूटोणा, भविष्य सांगणं, पाखंड असा वास राहिला. मग साप-अस्वलं घेऊन फिरणारे, हात बघणारे नवे लोक बिझान्टिनच्या राजधानीत आले तेव्हा ते जुनं बदनाम नाव त्यांच्या अंगावर टाकण्यात आलं. १०६८ च्या सुमाराला लिहिलेल्या एका जॉर्जियन संतचरित्रात 'आत्सिंकानी' म्हणून जादूगारांचा उल्लेख येतो. रोमांचा सर्वात जुना लेखी उल्लेख म्हणून बरेच जण तोच दाखवतात, काही जण शंकाही काढतात. बाराव्या शतकात बाल्सामोन नावाचा धर्मशास्त्री ह्या लोकांकडून भविष्य ऐकणाऱ्याला धर्माबाहेर ठेवा म्हणून लिहितो. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथला धर्मगुरू आपल्या पाद्र्यांना बजावतो, की लोकांनी ह्यांना घरात घेऊ नये.

तेव्हा अस्पृश्यता भारतातून युरोपात चालत गेली आणि शब्दात उतरली, असं कुणी सभेत ठोकून दिलं तर टाळ्या पडतील, पण ते खरं नाही. शब्दाचा अर्थ जुळला हा योगायोग. घरात घेऊ नये, हा हुकूम मात्र योगायोग नव्हे. नाव कुठूनही उचला, ते ज्याच्या अंगावर टाकायचं तो माणूस आधीच ठरलेला असतो.

आता आपल्यातले काही म्हणतील, आपली दुखणी काय थोडी आहेत म्हणून युरोपची घेऊन बसायची? आणि शब्दावर एवढा काथ्याकूट कशाला, पोटाचं बघा. हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकलाय आणि तो विचारणारे बहुधा ज्यांच्या नावाला काही डाग नाही असेच असतात. १९७८ साली मराठवाड्यात आपली घरं जळाली, माणसं मारली गेली, ती कशावरून? विद्यापीठाच्या नावावरून. नाव नुस्तं नाव असतं तर ते द्यायला १९९४ पर्यंत सोळा वर्षं लागली नसती.

दुसरं नाव जिप्सी. ते इजिप्तवरून आलं. पंधराव्या शतकात हे तांडे पश्चिम युरोपात शिरले. म्होरके स्वतःला 'छोट्या इजिप्तचा ड्यूक' वगैरे म्हणवत, हातात राजेलोकांची संरक्षणपत्रं. १४२२ ला बोलोन्यात, १४२७ ला पॅरिसच्या वेशीवर असे लोक आल्याच्या नोंदी आहेत. पापाचं प्रायश्चित्त म्हणून यात्रेला निघालोय, असं ते सांगत. यात्रेकरूला हाकलायचं नसतं, हे त्यांना पक्कं कळलं होतं. (गावात टिकाव लागावा म्हणून जात चोरून राहिलेल्यांनी हसू नये.) 'छोटं इजिप्त' हे ग्रीसमधल्या मोदोन बंदराजवळच्या वस्तीचं नाव असावं असा तर्क आहे. पण इंग्रजांनी ते सरळ इजिप्त धरलं. 'इजिप्शियन'चं झालं जिप्सी, स्पेनमध्ये गितानो, फ्रान्समध्ये जितां. मग कायदे. १४९८ ला जर्मन साम्राज्याच्या सभेनं त्यांना कायद्याच्या संरक्षणातून बाहेर काढलं. इंग्लंडात १५३० ला 'इजिप्शियनां'नी देश सोडावा असा कायदा झाला, १५५४ ला न सोडणाऱ्याला मरणाची शिक्षा ठरली आणि १५६२ ला त्यांच्या संगतीत राहणारा, त्यांच्यासारखं सोंग आणणारा सुद्धा त्यात घेतला गेला. हा शेवटचा कायदा १७८३ पर्यंत पुस्तकात होता. जे इजिप्त त्यांनी बघितलं नाही त्याच्या नावानं फास. इंग्रजीत फसवण्याला 'जिप करणं' असं क्रियापद आहे, तेही बहुधा ह्यातूनच आलं. आपल्याकडे जातीच्या नावाच्या शिव्या होतात, त्यातलाच प्रकार.

मूळ मुलूख कोणता, ते माणसांनी सांगायच्या आधी त्यांच्या जिभेनं सांगितलं. रोमानी भाषा ऐका. एक, दोन, तीनला येक, दुइ, त्रिन. पुढे श्तार, पांज. दहाला देश, विसाला बिश. नाकाला नाख, कानाला कान, केसाला बाल, पाण्याला पानी, माणसाला मानुश, काळ्याला कालो, सुरीला चुरी, मिठाला लोन. दिवसाला दिवेस! हे तर आपल्या हिंदीवाल्या भावंडांपेक्षा आपल्याला जवळ वाटतं. घराला खेर म्हणतात आणि बहिणीला फेन, कारण आपला 'घ' त्यांच्यात 'ख' होतो, 'भ'चा 'फ' होतो. सूर्याला म्हणतात खाम, म्हंजे आपला घाम. ज्याच्यामुळे घाम येतो तो सूर्य; शब्द एकच, 'घर्म'. पण सात, आठ, नऊ मात्र ग्रीक. वाटेला 'द्रोम', तेही ग्रीक. इराणी शब्द आहेत, आर्मेनियन आहेत. ज्या ज्या मुलखातून गेले तिथलं थोडं थोडं जिभेवर घेत गेले. लेखी इतिहास नसलेल्यांचा इतिहास असा वाचावा लागतो.

हे युरोपच्या विद्वानांना अठराव्या शतकाच्या शेवटी कळलं. १७८२ ला रुडिगर नावाच्या जर्मन अभ्यासकानं एका रोमा बाईकडून वाक्यं बोलून घेतली, हिंदुस्थानीच्या व्याकरणाशी ताडून पाहिली आणि सांगितलं की ही भाषा हिंदुस्थानची. त्यानं रोमांवर होणाऱ्या अन्यायाबद्दलही लिहिलं. पण नाव झालं ग्रेलमानचं. त्याचं पुस्तक १७८३ ला आलं, भाषांतरं झाली, आणि पुढची शंभर-दीडशे वर्षं युरोप तेच वाचत राहिला. ह्या ग्रेलमाननं काय केलं? युरोपीय प्रवाशांनी भारतातल्या खालच्या जातींबद्दल जे काही लिहून ठेवलं होतं — म्हंजे वरच्या जातींनी त्यांच्या कानात सांगितलेलं — ते उचललं आणि म्हणाला की हे लोक हिंदुस्थानातल्या सर्वात हीन जातीचे, शूद्र. घाण, चोरटे, निर्लज्ज. जसे तिथे तसे इथे. इथं मात्र अस्पृश्यता खरोखरच जहाजात बसून युरोपात गेली. ती रोमांच्या सामानात गेली नाही, पंडितांच्या कागदात गेली. ज्या शोधातून 'हे आपल्यासारखीच भाषा बोलणारे' असं निघायला हवं होतं, त्यातून 'हे तिथलेही अस्पृश्यच' असं निघालं.

आता 'रोम' ह्या शब्दाकडे येतो, कारण खरी नाजूक जागा ती आहे. रोमानीत 'रोम' म्हंजे पुरुष, नवरा, आपला माणूस. 'रोमनी' म्हंजे बाई, बायको. बाहेरचा तो 'गाजो'. आपले गोरबंजारा बांधव स्वतःला 'गोर' आणि बाहेरच्याला 'कोर' म्हणतात, तशी ही विभागणी. बहुतेक अभ्यासक 'रोम'चं मूळ 'डोम' सांगतात. 'ड'चा 'र' होणं हे त्या भाषेत नेहमीचं आहे. आर्मेनियाकडे त्यांचेच लांबचे सोयरे स्वतःला 'लोम' म्हणवतात, सीरिया-पॅलेस्टाइनकडचे तर अजून 'डोम'च म्हणवतात, जरी हे तिन्ही एकाच वेळी निघाले असं आता फारसं कुणी मानत नाही. डोम, डोंब, संस्कृत ग्रंथांतले डोंब. कल्हणाच्या राजतरंगिणीत दहाव्या शतकातला काश्मीरचा राजा चक्रवर्मन एका डोंब गायकाच्या दोन मुलींशी लग्न करतो, त्यातली एक पट्टराणी होते, देवळात जाते. ते लिहिताना कल्हणाच्या लेखणीला जो कापरा भरलाय तो वाचण्यासारखा आहे. उलट बौद्ध सिद्धांच्या चर्यापदांत डोंबीण येते ती नगराबाहेरच्या झोपडीत राहणारी, आणि सिद्ध तिच्याकडे आपण होऊन जातो. एकाच काळातले हे दोन डोळे. आपण कुठल्या डोळ्यानं बघायचं हे मी सांगायला नको.

मग रोमांना हे मूळ मान्य आहे का? सगळ्यांना नाही. त्यांच्यातल्या काही शिकलेल्यांनी, आणि भारतातल्या त्यांच्या काही चाहत्यांनीही, दुसरी गोष्ट मांडली. ते म्हणतात, आम्ही डोम नव्हे, आम्ही गझनीच्या महमूदाशी लढलेले राजपूत, लढवय्ये. चंदीगडचे वीर राजेंद्र ऋषी हे परराष्ट्र खात्यातले माणूस. त्यांनी १९७३ मध्ये रोमानी अभ्यासाची संस्था काढली, 'रोमा' नावाचं नियतकालिक चालवलं, आणि रोमा हे मूळचे पंजाबकडचे राजपूत-जाट असं सांगितलं. इयन हॅन्कॉक हे स्वतः रोमा, टेक्सासच्या विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनीही लष्करी छावणीतून ही जमात घडली अशी मांडणी केली. त्यांच्या मांडणीत अनेक जातींचे लोक एकत्र येतात, ती ऋषींपेक्षा जास्त विचार करण्यासारखी आहे. पण पुरावा तोकडा आहे आणि भाषापंडित सहसा मान डोलावत नाहीत.

मला इथं आपलीच आठवण होते. गोपाळबाबा वलंगकरांच्या पिढीनं इंग्रज सरकारला लष्करभरतीसाठी अर्ज केले, त्यातही सूर असा की आम्ही मूळचे क्षत्रिय, मोठ्या दुष्काळात खाली पडलो. त्या पिढीला दोष द्यायचा माझा हेतू नाही. समोरचा ज्या मापानं मोजतो त्या मापात आपण पुरेसे आहोत हे दाखवायची ती धडपड होती. पण बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये ते मापच बाजूला ठेवलं. क्षत्रियपण मागितलं नाही. हे पराभूत, तुटलेल्या टोळ्यांचे लोक आणि हे बौद्ध होते, असं सांगितलं. त्यांच्या मांडणीवर इतिहासकार वाद घालतात, घालोत. उसना बाप आणायचा नाही, हे त्यातलं मर्म. म्हणून कुणी रोमा 'आम्ही डोम नव्हे' असं म्हणतो तेव्हा मला राग येत नाही, पण दिल्ली-चंदीगडचा कुणी सवर्ण त्यांना राजपूतपण बहाल करतो तेव्हा येतो. ज्या डोमांनी काशीच्या घाटावर पिढ्यान् पिढ्या ह्यांचे मुडदे जाळले, त्यांच्याशी नातं निघालं तर कुणाची अब्रू जाते?

रुमानियाचं प्रकरण वेगळं, आणि माझ्या मते सर्वात भयंकर. तिथे 'त्सिगान' ह्या शब्दाचा अर्थच गुलाम होता. वालाखियाच्या राजानं १३८५ साली एका मठाला त्सिगानांची चाळीस कुटुंबं दान दिली, हा तिथला पहिला कागद. गाई-बैलांसारखी चाळीस कुटुंबं! त्यानंतर पावणेपाचशे वर्षं राजाचे, मठांचे आणि सरदारांचे गुलाम. धर्मसंस्था गुलाम पाळत होती, हे विशेष ध्यानात ठेवा. मोल्डावियात १८५५ च्या डिसेंबरात आणि वालाखियात १८५६ च्या फेब्रुवारीत ही गुलामी उठली. म्हंजे अमेरिकेतली उठायच्या दहाएक वर्षं आधी. अमेरिकेतली शाळेत शिकवतात, ही कुणाला ठाऊक नाही.

म्हणून रुमानियातला रोमा 'मला त्सिगान म्हणू नका' म्हणतो तेव्हा तो 'मला गुलाम म्हणू नका' असं म्हणत असतो. आणि तिथलं सरकार काय करतं? १९९५ मध्ये परराष्ट्र खात्यानं लेखी सूचना काढली की 'रोम' न लिहिता 'त्सिगान' लिहावं. कारण काय, तर 'रोम' आणि 'रोमानिया' ह्यांत जगाचा घोटाळा होतो! ती सूचना २००० साली मागे घेतली गेली. २०१० मध्ये एका खासदारानं पुन्हा तसंच विधेयक आणलं, ते सिनेटमध्ये पडलं. आमच्या नावात तुमचं नाव मिसळायला नको. हाही एक विटाळच की.

पण राज्यकर्ते नेहमीच वाईट नाव देतात असं समजू नका. चांगलं नाव देणारे जास्त धोकादायक. ऑस्ट्रियाची महाराणी मारिया तेरेझा हिनं १७६१ मध्ये हुकूम काढला की ह्यापुढे त्सिगान्य हा शब्द बंद, ह्यांना 'ऊय-मज्यार' म्हंजे 'नवे हंगेरियन' म्हणावं. किती छान! आणि पुढे? भाषा बंद, तंबू बंद, घोडे पाळणं बंद, १७७३ मध्ये आपसातली लग्नं बंद, आणि पाच वर्षांवरची मुलं काढून घेऊन शेतकऱ्यांच्या घरी. स्पेननं १७४९ च्या जुलैत एका ठरलेल्या दिवशी देशभरातले गितानो पकडले, हजारो माणसं, पुरुष आरमाराच्या गोदीत जुंपले आणि बाया-पोरं वेगळी कोंडली. तिथेही 'नवे कॅस्टिलियन' हा सभ्य शब्द होता. १७८३ मध्ये तिसऱ्या कार्लोसनं कायदा करून 'गितानो' आणि 'नवे कॅस्टिलियन' हे दोन्ही शब्द अपमानकारक म्हणून बंद केले. सोबत भाषा, पोशाख, भटकणं सोडा, नाहीतर पाठीवर डाग. म्हंजे शिवी काढून घेतली आणि माणूसही काढून घेतला. उरलं काय?

हे वाचताना 'हरिजन' आठवल्याशिवाय राहत नाही. देवाची माणसं! जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात काँग्रेस सरकारनं लोकल बोर्डाच्या कायद्यात हा शब्द घालायचा घाट घातला. दादासाहेब गायकवाडांनी आणि बाबासाहेबांनी विरोध केला. ज्यांना नाव द्यायचं त्यांना विचारायची तसदीही कुणी घ्यायला तयार नव्हतं. शेवटी स्वतंत्र मजूर पक्षाचे लोक सभागृहातून उठून बाहेर पडले. नाव गोड होतं, पण देणाऱ्याचा हात वर होता आणि घेणाऱ्याचा खाली. पुढे १९८२ मध्ये केंद्रानंच जातीच्या दाखल्यावर हा शब्द लिहू नका म्हणून कळवलं. आणि गंमत बघा, आपण स्वतः घेतलेल्या 'दलित' शब्दाला २०१८ मध्ये माहिती आणि प्रसारण खात्यानं वाहिन्यांना 'टाळा' म्हणून सांगितलं. कुणाचा शब्द वापरायचा हे अजून तेच ठरवतात.

जर्मनीतली गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तिथे शब्दाचा कागद झाला, कागदाची यादी आणि यादीची राख. १८९९ मध्ये म्युनिकच्या पोलिसांनी त्सिगॉयनरांची खबर ठेवणारं खास कार्यालय उघडलं. १९०५ मध्ये त्यांनी एक पुस्तक छापलं, त्यात तीन हजारांवर माणसांची नावं, वर्णनं, फोटो. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्सिगॉयनर म्हणून. १९२६ मध्ये बव्हेरियानं 'त्सिगॉयनर, भटके आणि कामचुकार' ह्यांच्याविरुद्ध कायदा केला, तेव्हा हिटलर सत्तेवर नव्हता, लोकशाही होती. आता शेजारी आपला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ठेवून बघा. तीच हजेरी, तीच नोंदवही, १९११ पासून बोटांचे ठसे, आणि सोलापूरसारखी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. पारधी, कैकाडी, कंजारभाट, मांग गारुडी... नाव हाच पुरावा. इंग्रज अधिकारी आपल्या कागदांत ह्यांना 'जिप्सी'सुद्धा लिहीत होते. बंजाऱ्यांना तर अजून परदेशी पाहुणे 'इंडियन जिप्सी' म्हणून फोटो काढतात.

हिटलर आल्यावर डॉक्टर रॉबर्ट रिटर नावाच्या गृहस्थाच्या संस्थेनं डोकी मोजली, वंशावळी काढल्या आणि सुमारे २४ हजार माणसांना शुद्ध त्सिगॉयनर, अर्धा, पाव असे दाखले दिले. त्याची सहायक एव्हा युस्टिन रोमानी बोलायची, म्हणून माणसं तिच्याशी मोकळी बोलली. (आपल्या वस्त्यांत वही घेऊन येणाऱ्या अभ्यासकांच्या बाबतीत हे ध्यानी असावं.) १६ डिसेंबर १९४२ ला हिमलरचा हुकूम निघाला. आउश्वित्समध्ये सुमारे २३ हजार रोमा आणि सिंती नेले गेले, त्यांच्या हातावर नंबराच्या आधी 'झेड' गोंदला. झेड म्हंजे त्सिगॉयनर. शब्दातलं एक अक्षर उरलं होतं, ते कातडीत. त्यातले सुमारे २१ हजार तिथेच संपले. २ ऑगस्ट १९४४ च्या एका रात्रीत उरलेले सुमारे ४,३०० जण गॅसमध्ये घातले. एकंदर युरोपात किती मारले गेले ह्याचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. अंदाज, कारण मोजायला कुणी बसलं नव्हतं.

आणि युद्ध संपल्यावर? ७ जानेवारी १९५६ ला पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयानं निकाल दिला की १९४३ पूर्वी त्सिगॉयनरांवर झालेली कारवाई वंशद्वेषातून नव्हती, ती गुन्हेगारी रोखण्यासाठी होती, ह्या लोकांचा चोरीकडे कल असतो. भरपाई नाही! १९६३ मध्ये ह्या निकालात अर्धवट दुरुस्ती झाली. म्युनिकचं कार्यालयही पुन्हा चालू झालं, फक्त पाटी बदलली. त्सिगॉयनर हा शब्द आता बरा दिसेना, म्हणून 'लांडफारर', म्हंजे रस्त्यावर फिरणारे. १९५३ ला त्या नावाचा नवा कायदा. फायली जुन्याच. आपल्याकडे ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती 'विमुक्त' झाल्या आणि मागोमाग सराईत गुन्हेगारांचा कायदा आला; पोलिसाची वही तीच राहिली, मथळा बदलला. शब्द बदलला म्हणून खूश होणाऱ्यांनी ही दोन उदाहरणं भिंतीवर लिहून ठेवावीत.

पण शब्द बदलून काहीच होत नाही असंही नाही. ८ एप्रिल १९७१ ला लंडनजवळ ऑर्पिंग्टनला रोमांची पहिली जागतिक परिषद भरली. अध्यक्ष स्लोबोदान बेरबेर्स्की. तिथे ठरलं की त्सिगॉयनर, जिप्सी, गितानो ही लोकांनी दिलेली नावं आम्ही नाकारतो, आम्ही रोमा. घोषणा 'ओप्रे रोमा', रोमांनो उठा. 'ओप्रे' म्हंजे वर. झेंडा निळा-हिरवा आणि मध्ये तांबडं चाक, सोळा आऱ्यांचं. ते गाडीचं चाक आहे आणि अशोकचक्राशीही नातं सांगतं. ज्या चक्राला आपण धम्मचक्र म्हणतो ते ह्या माणसांनी आपण होऊन निवडलं, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. दोन्हीकडची पोरं एकमेकांना ओळखत नव्हती.

नाव स्वतः घेतल्यावरच जर्मनीतली कुलपं हलली. १९८० च्या ईस्टरला दाखावच्या छळछावणीत सिंती कार्यकर्ते उपोषणाला बसले, त्यांत छावण्यांतून वाचलेले म्हातारेही होते. मागणी एक, पोलिसांकडच्या आमच्या नाझी काळातल्या फायली कुठे आहेत ते सांगा. १७ मार्च १९८२ ला चॅन्सेलर श्मिट ह्यांनी हा वंशसंहार होता असं कबूल केलं. बर्लिनला स्मारक व्हायला २०१२ उजाडलं.

तरी भांडण मिटलेलं नाही, आणि मिटावं अशी माझी घाई नाही. जर्मनीतले सिंती म्हणतात, आम्ही सिंती, आम्हाला रोमात गुंडाळू नका. म्हणून तिथे 'सिंती आणि रोमा' अशी जोडी लिहितात. त्यांच्यातल्याच काहींना त्सिगॉयनर चालतं. स्पेनमधले गितानो आपलं नाव छाती काढून सांगतात, फ्लामेंको त्या नावावर उभं आहे. इंग्लंडमधल्या पुष्कळांना 'जिप्सी'च हवं, पण मोठ्या अक्षरानं सुरू होणारं, जमातीचं नाव म्हणून. (देवनागरीत मोठं अक्षर नाही, सगळी सारखी, लिपीत तरी समता आहे.) तिथे १९६८ च्या कायद्यानं जिप्सी म्हंजे 'भटकं जीवन जगणारा, वंश कुठलाही असो' अशी व्याख्या केली होती. म्हंजे स्थिर झालात की तुम्ही जिप्सी नाही! मग लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यावर पाटी लागली, 'ट्रॅव्हलर्सना प्रवेश नाही'. मालक म्हणाला, मी कुठे जिप्सी म्हटलं? प्रकरण वरच्या कोर्टात गेलं आणि १९८८ मध्ये कोर्टानं मान्य केलं की जिप्सी हा वांशिक समूह आहे, त्याला वंशभेदविरोधी कायद्याचं संरक्षण आहे. ज्या शब्दानं फाशी दिली जायची त्याच शब्दानं हक्क मिळाला. २०११ च्या जनगणनेत तो रकाना आला, २०२१ मध्ये 'रोमा' हा वेगळा. आता ह्या इंग्लंडच्या माणसाला 'तुझं नाव अपमानकारक आहे' म्हणून कुणी शिकवायला जाणार का?

जर्मनीत 'त्सिगॉयनर सॉस' नावाची मिरचीची चटणी बाटलीत मिळायची. २०२० मध्ये क्नॉर कंपनीनं नाव बदललं, वर्तमानपत्रांत आठवडाभर गदारोळ. तिथल्या सिंती-रोमांच्या मध्यवर्ती संघटनेचं म्हणणं मात्र शांत होतं, की बाटलीपेक्षा माणसांचा द्वेष आधी बघा. पांढरपेशांना बाटलीवर बोलायला आवडतं.

मराठीचं काय? मराठीत जिप्सी शब्द आला तो कवितेतून. मंगेश पाडगावकरांच्या एका संग्रहाचंच ते नाव आहे. तिथून मध्यमवर्गानं तो उचलला, मुक्त, बेफिकीर, रमताराम. पेन्शन आणि फ्लॅट असलेल्या माणसाच्या मनातला जिप्सी! आणि तोच माणूस सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत पालं पडली की पोलिसांना फोन करतो. आपल्या मराठीत 'डोंबारी' शब्द आहे, तोही डोंबाच्याच घरातला दिसतो, आणि विधिमंडळातल्या गोंधळाला पेपरवाले खुशाल 'डोंबाऱ्याचा खेळ' म्हणतात. दोरीवर चालणाऱ्या पोरीची उपमा आमदारांना! तिचा अपमान आहे. लक्ष्मण मानेंनी १९८० मध्ये 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये 'उचल्या' ही नावं पुस्तकाला दिली, तेव्हा आपल्यातही कुरकूर झाली होती की शिवीच कशाला मिरवायची. पण शिवी दुसऱ्याच्या तोंडातून काढून आपल्या हातात घेणं हाही एक मार्ग आहे. गितानोंनी तो घेतला, रोमांनी दुसरा घेतला.

दिल्लीचं रोमाप्रेम जुनं आहे. १९८३ ला चंदीगडच्या रोमा महोत्सवाला इंदिरा गांधी आल्या होत्या. २०१६ च्या फेब्रुवारीत दिल्लीतल्या परिषदेत परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज ह्यांनी रोमा ही भारताचीच लेकरं असं सांगितलं. लेकरं खरीच. पण ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला की तुरुंगाच्या नियमपुस्तकांतून जातीवरची कामाची वाटणी काढा, 'भटक्या', 'गुन्हेगार' जमातींना जन्मानं सराईत धरणारी कलमं काढा, नोंदवहीतला जातीचा रकाना काढा. म्हंजे त्या परिषदेच्या दिवशी ती कलमं पुस्तकात होती.

शेवटी आपल्या अंकापुरतं. लिहिताना 'रोमा' असं लिहावं. एकटा पुरुष रोम, बाई रोमनी, भाषा रोमानी. सिंतींना सिंती. स्पेनच्या माणसानं स्वतःला गितानो म्हटलं तर गितानो, इंग्लंडच्यानं जिप्सी म्हटलं तर जिप्सी. त्सिगान आणि त्सिगॉयनर हे शब्द इतिहास सांगतानाच, अवतरणात. आणि भटकणाऱ्या कवीला दुसरा कुठलातरी शब्द शोधू द्या, मराठीत पुष्कळ आहेत.